भिंगरीच्या मालकाच्या डाव्या कानातून

मी डाव्या कानातला बोलतोय. उजव्या कानात माझा जुळा भाऊ असतो, पण त्याचा स्वभाव अबोल. फोन आला की तेवढ्यापुरता तो पुढं होतो, एरवी माझ्या मागोमाग वाजतो. बोलण्याची हौस मला. ती मला असावी की नाही, हे मात्र नक्की सांगता येत नाही. दुसऱ्याचं ऐकवणं हे माझं काम. स्वतःचं सांगत बसणं माझ्या माहितीपत्रकात कुठंच लिहिलेलं नाही.

मी बिनवायरचा इअरबड आहे आणि स्वस्तातला आहे. खरं तर दुसरी गोष्ट आधी सांगायला हवी होती, कारण लोक तीच आधी विचारतात. माझा जन्म कुठं झाला ते खोक्याच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत छापलं होतं की मलाही ते कधी वाचता आलं नाही. खोक्याच्या तोंडावर मात्र ठसठशीत अक्षरांत होतं : ‘रोजच्या ऐकण्यासाठी सर्वोत्तम.’ तोवर मला एकाही माणसानं ऐकलं नव्हतं. मग हे सर्वोत्तमपण कुणी ठरवलं? या प्रश्नानं मला जन्मापासून झोप नाही. तशी ती इतर कारणांनीही येत नसेल.

कोल्हापुरात आलो तो शिवाजी पेठेच्या तोंडाशी असलेल्या निसारच्या दुकानात. तिथं मोबाइलच्या कव्हरांमध्ये टांगलेला असताना एके दिवशी विजयसिंह आला. हा दूधवाला. पेठेत त्याचा गोठा आणि गोठ्यात चार म्हशी. मला घेण्याआधी त्यानं म्हणे कित्येक परीक्षणं पाहिली होती. चकचकीत टेबलावर मला ठेवून गुळगुळीत तरुण माझ्या खालच्या सुरांची चिकित्सा करतात, ती. एवढी चौकशी त्यानं लग्नाच्या वेळी केली नव्हती, असं त्याची बायको क्रांती पुढं म्हणाली. मी त्यावर मत देत नाही.

“आवाज कसा हाय रं, निसार?”

“भावा, नाद खुळा! डोळं झाकून घे.”

“डोळं झाकून काय करू? कानाचं सांग.”

“कानाचंच सांगतोय की. एकदा घातलंस तर शेजारी हलगी वाजू दे, तुला कायबी ऐकू येणार न्हाय.”

हा माझा सर्वांत मोठा गुण. बाहेरचा आवाज मी आतून पुसून टाकतो. विजयसिंहाचा चेहरा खुलला आणि मलाही आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार असं वाटलं.

संध्याकाळी तो आपल्या सर्वांत देखण्या म्हशीला, भिंगरीला, घेऊन दूधकट्ट्यावर गेला. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, पण परगावच्या वाचकासाठी सांगतो. इथं म्हैस चौकात येते, गिऱ्हाईक पेला पुढं करतं आणि समोर काढलेली फेसाळ धार उभ्या उभ्या पिऊन मिशी पुसतं. शेणाची भीती म्हणून विजयसिंहानं त्या दिवशी आम्हाला खिशात ठेवलं होतं. तिथून मी त्याला पहिल्यांदा बोलताना ऐकलं. तो बोलत होता भिंगरीशी.

“भिंगरे, आज हरली गं आपली पेठ. पेनल्टी मारायला येत न्हाय, आन् बूट बघ लाल! थांब की बाई, हल नगंस. पुढच्या रविवारी बघ तू.”

फुटबॉलमधलं भिंगरीला किती कळत होतं कोण जाणे. पण तो बोलायला लागला की ती कान मागं टाकून पान्हा सोडायची, आणि पेल्यात दूध असं पडायचं की मला माझ्या खालच्या सुरांची लाज वाटली.

मग कट्ट्यावर माझी परीक्षा झाली. जमलेल्या प्रत्येकानं मला कानात घालून पाहिलं. एक म्हणाला भारी, दुसरा म्हणाला बरा, तिसऱ्यानं मला धोतराला पुसलं. शेवटी आले गणपतराव आबा. जुने पैलवान, लाल मातीत घासून घासून कान मोडलेले, नुसत्या गाठी. माझ्यासोबत तीन मापांची रबरं होती. एकही बसेना.

“ह्या कानात फकस्त माती जाती,” आबा म्हणाले. “विजा, फसवलं बघ तुला. आवाज न्हाय, काय न्हाय.”

ते माझं आयुष्यातलं पहिलं जाहीर मूल्यमापन. मी ते मनाला लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र विजयसिंहानं आम्हाला कानात घातलं ते घातलंच. वैरण घालताना, शेण काढताना, धार काढताना, जेवताना. गाणी ऐकली. बहिणीच्या नवऱ्याशी, दाजींशी, फोनवर बोलला. दाजींना त्याच्यापेक्षा म्हशीचंच जास्त ऐकू जायचं, तो भाग वेगळा. एकदा तर तासभर त्यानं माझ्याहून महागड्या इअरबडचं परीक्षण ऐकलं आणि तेही माझ्यातूनच! मी एकही शब्द न गाळता ते वाजवलं. प्रामाणिकपणा म्हणा, नाहीतर दुबळेपणा.

माणसांची एक सवय मला तेव्हा कळली. निम्मा वेळ माझ्यात काहीच वाजत नसे. गाणं केव्हाच संपलेलं, फोन केव्हाच ठेवलेला, तरी आम्ही कानात. कानात काही दिसलं की लोक आपोआप कमी बोलतात. खोक्यावर न छापलेला हा माझा उपयोग सगळ्यांत जास्त होतो, असं मला वाटतं.

माझ्या पोटात एक बारीकसा माइक आहे. त्यामुळं त्याला ऐकू येत नसलं तरी मला सगळं ऐकू यायचं. क्रांती दारात उभी राहून म्हणायची, “अवो, पेंड संपल्या.”

“हं.”

“तुमच्या आईंची कंबर धरल्या.”

“हं.”

“गोठ्याला आग लागल्या.”

“हं, बघूया की सांजच्याला.”

ती हसायची आणि स्वतःच कामाला लागायची. काम करता करता आता तीच भिंगरीशी बोलायची. “आपुन दोघीच गं बाई ह्या घरात. एक दावणीला, एक चुलीला. मालक गेलं कानात.” हे सगळं मी ऐकत होतो. सांगायला तोंड होतं, पण त्यातून फक्त गाणी निघत.

हळूहळू भिंगरी दूध चोरायला, आतच धरून ठेवायला लागली. विजयसिंह बसला की अंग आखडायची. कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला धरून ताटकळायचं आणि शेजारच्या म्हशीकडं सरकायचं. मग घरात चौकशी बसली. पेंड बदलली. डॉक्टर आले, त्यांनी कास दाबून पाहिली, जीभ पाहिली, म्हैस ठणठणीत आहे म्हणाले. आईनं, बनाबाईंनी, मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली आणि शेजारच्या गोठेवाल्याला चार शिव्या दिल्या. पेंडीवर संशय, हवेवर संशय, शेजाऱ्याच्या डोळ्यांवर संशय. हे सगळं चालू असताना मी त्याच्या कानात बसून होतो.

क्रांतीनं एकदा सांगितलं. “म्हस तुमचा आवाज इसारल्या. ती धार काढू देत हुती ती तुमच्या बोलण्यापायी.”

“हं,” विजयसिंह म्हणाला.

आणि दिवाळीचा पाडवा जवळ आला. त्या दिवशी पेठेतले दूधवाले म्हशी सजवून चौकात आणतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, कवड्यांच्या माळा घालायच्या. मग मालकानं चौकाच्या त्या टोकाला उभं राहून हाक मारायची आणि एवढ्या गर्दीतून, ढोलताशांतून म्हशीनं धावत त्याच्याजवळ यायचं. बक्षीस नावाला. खरी गोष्ट इज्जतीची. हाकेला म्हैस आली नाही, तर त्या माणसाला चेष्टेचं नाव पडतं आणि वर्षभर पेठ त्याला दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. मागल्या पाडव्याला भिंगरी अशी पळत आली होती की आबांनी स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून तिच्या शिंगांत अडकवला होता. यंदा मात्र विजयसिंह दाजींना फोनवर म्हणाला, “न्हाय आली तर पेठ सोडाय लागतीया बघा.”

पाडव्याला त्यानं नवा फेटा बांधला. फेटा कानांवरून आला आणि आम्ही दोघं आतच राहिलो. आम्ही आहोत हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. इतक्या दिवसांत आम्ही त्याच्या कानाच्या पाळ्यांसारखे झालो होतो.

विजयसिंह टोकाला जाऊन उभा राहिला. भिंगरीचं दावं सोडलं. त्यानं हाक मारली.

कान बंद असले की माणसाला स्वतःचा आवाज नीट कळत नाही. तो भलत्याच पट्टीत ओरडतो. ती हाक विजयसिंहाची वाटतच नव्हती. कुणी लिलावात बोली लावतोय असं वाटत होतं. भिंगरीनं मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं आणि परक्या माणसाकडं पाहून जशी मान वळवतात तशी वळवली. त्यानं पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं. ती रवंथ करायला लागली.

ढोल जरा थांबले होते, आणि कडेला बायकांत क्रांती उभी होती. तिचा डोळा भरला असावा. डोळ्यांतलं मला कळत नाही, आवाज कळतो, आणि तो जाड झाला होता. ती हळूच, चुलीपुढं बोलतात तसं बोलली, “जा गं बाई. जा की त्यांच्याकडं.”

भिंगरीनं कान टवकारले. घुंगरं वाजली. गर्दी दुभंगली आणि ती तडक क्रांतीकडं आली, आणि रंगवलेली शिंगं सांभाळत तिच्या खांद्याला तोंड घासायला लागली.

चौक हसून फुटला. आबा ओरडले, “विजा, म्हस वैनींची हाय व्हय रं? मग तू कोन, पावणा?”

“आँ?” विजयसिंह म्हणाला. “काय म्हनालासा, आबा?”

आबा जवळ आले. फेट्यात दोन बोटं घातली आणि मला उपसून बाहेर काढलं. चिमटीत धरून सगळ्या चौकाला दाखवलं.

“ह्यो बघा! कान मोडलं माझं, आन् बहिरा झालाय विजा!”

एवढ्या लोकांसमोर मी कधीच उभा राहिलो नव्हतो. खोक्यावरची ती अक्षरं मला त्या क्षणी आठवली आणि नकोशी झाली.

त्या दिवसापासून आम्ही डबीत आहोत, गोठ्याच्या कोनाड्यात, म्हशीला लावायच्या तेलाच्या बाटलीशेजारी. डबीचं झाकण पडून सैल झालंय, नीट लागत नाही. त्या फटीतून मी जग ऐकतो. धार आता क्रांती काढते. विजयसिंह लांब उभा राहायचा. काल मात्र क्रांतीनं चरवी त्याच्या हातात दिली.

“बसा.”

तो बसला. भिंगरीनं अंग आखडलं.

“बोला की कायतरी. मुकं बसून धार निघती व्हय?”

“काय बोलू?”

“येतंय ते बोला.”

वर्षभर त्यानं ऐकलं होतं ते दुसऱ्यांचंच. स्वतःजवळ काही उरलं नसावं. शेवटी त्याला जे पाठ होतं तेच त्यानं काढलं.

“हे बघ भिंगरे, ते कानातलं घेतलं न्हवतं का मी... डाव्याचा आवाज बरा हाय. खोटं कशाला बोलू, चांगला हाय. उजवा जरा बारीक वाजतोय. ब्याटरी दिसभर जाती. फोनवर माझ्यापरास तूच जास्त ऐकू जातीस, दाजी वैतागलं बघ. आन् सांजच्याला कान ठणकत्यात गं. लई ठणकत्यात...”

कोनाड्यात मी श्वास रोखून धरला. म्हणजे माझ्याकडं श्वासाच्या जागी जे काही असेल ते. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते माझं मूल्यमापन चाललं होतं, आणि ते एका म्हशीपुढं.

भिंगरीनं कान मागं टाकले. चरवीच्या तळाशी पहिली धार वाजली.

“तर सगळं धरून बघितलं,” विजयसिंह म्हणाला, “तर मी म्हनीन...”

पुढचं मला ऐकू आलं नाही. धारांचा आवाज वाढत गेला आणि त्यात त्याचा शब्द बुडाला. बाहेरचे आवाज पुसण्यासाठी मी जन्मलो. तो आवाज पुसावा असं मला एकदाही वाटलं नाही. मी सर्वोत्तम आहे की नाही, हे आता कळेल असं दिसत नाही. त्याची हुरहूर आहे, पण पूर्वीइतकी नाही.

एवढीच विनंती आहे. कुणी गोठ्यात आलात, तर कोनाड्यातल्या डबीचं झाकण दाबून लावू नका. उद्या रविवार आहे. पेठेची मॅच आहे, आणि संध्याकाळी तो तिला सगळं सांगणार आहे.