एकशे बेचाळीसवर अडकलेला आकडा

अहमदपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सौदामिनी मॅडमच्या दंडावर दिवाळीपासून नाण्याएवढं एक सेन्सर चिकटवलेलं असायचं. त्या इन्सुलिन घ्यायच्या आणि त्यांची साखर मधूनच एकदम खाली जायची, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी ते लावून दिलं होतं. सेन्सर साखर मोजायचं, फोनमधलं अ‍ॅप आकडा दाखवायचं, आणि साखर फार उतरली की फोन मोठ्यानं वाजायचा. तोच आकडा लातूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाच्या, सर्वेशच्या फोनवरही दिसायचा.

अडचण फोनची होती. जुना फोन, त्यात हे अ‍ॅप उघडता उघडत नसे. सर्वेश सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "आई, तुझा प्रोसेसर दमलाय." त्यानं सेटिंगमध्ये जाऊन वेग सगळ्यात वर नेऊन ठेवला. अ‍ॅप पटापट उघडू लागलं खरं, पण पर्समध्ये फोन तव्यासारखा तापायला लागला आणि शाळा सुटायच्या आतच बंद पडू लागला. बंद फोन साखर उतरल्याचं सांगणार कसा?

मग मॅडम स्टँडसमोरच्या मोबाइल दुकानात गेल्या. दुकानदार जिलानीभाईंनी फोन हातात घेतल्या घेतल्या मान हलवली.

"मॅडम, हे तर फुल्ल सोडून ठेवलंय. बॅटरी कशी पुरंल? बचत मोड लावून देतो, रात्रीपर्यंत बघायचं काम न्हाई."

"अ‍ॅप चालेल ना पण?"

"चालतंय की. हे बघा."

आकडा दिसत होता. सर्वेशनंही असाच दाखवला होता. वेग आणि ऊर्जा हे शब्द मॅडम वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आल्या होत्या, पण स्वतःच्या फोनमध्ये कशाला किती ढील द्यायची, ते काही त्यांना उमगेना. बॅटरी टिकतेय ना, मग झालं, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

त्याच आठवड्यात नांदेडला प्रशिक्षण होतं. सकाळी इन्सुलिन घेतलं, पण गाडी चुकेल म्हणून पोहे अर्धेच खाल्ले. एसटीत बसल्यावर माळाकोळीच्या आसपास त्यांनी फोनच्या पडद्यावरचा आकडा बघितला. एकशे बेचाळीस. छान. थोड्या वेळानं परत बघितला, एकशे बेचाळीस. डबा उघडायची गरज नव्हती. खिडकीबाहेरची झाडं जरा विरघळल्यासारखी दिसत होती, ते उन्हामुळं असेल असं त्यांना वाटलं.

गाडी थांबली, माणसं उतरायला लागली, त्याही उतरल्या. स्टँडबाहेर आल्या तर रस्ता ओळखीचा वाटेना. उसाच्या रसाच्या गाड्यावर उभ्या असलेल्या बाईला त्यांनी विचारलं, "गुरुद्वाऱ्याकडं कुठून जायचं?"

"गुरुद्वारा? तो नांदेडला हाय बाई."

"मग हे काय आहे?"

"हे लोहा हाय."

मॅडमना राग आला. ही बाई उगाच थट्टा का करतेय? त्यांनी पाटी वाचली. अक्षरं दिसत होती, पण त्यांचा शब्द होईना. ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता. रसवालीनं, पंचफुला तिचं नाव, त्यांना ओढून बाकड्यावर बसवलं आणि रसाचा ग्लास पुढं केला.

"घ्या, ऊन लागलंय तुम्हाला."

"नको, मला शुगर आहे." त्यांनी फोन दाखवला. "हे बघा, एकशे बेचाळीस. रस घेतला तर अजून वाढेल."

तेवढ्यात फोन वाजला. सर्वेश होता, पोहोचलीस का म्हणून विचारायला.

"पोहोचले रे. पण नांदेड... नांदेड हलवलंय कुणीतरी."

"आई, तू कशी बोलतेयस? आधी काहीतरी गोड खा."

"एकशे बेचाळीस आहे."

"मलापण तेच दिसतंय. सोड तो आकडा! शेजारी कोण आहे? फोन दे त्यांना."

पंचफुलानं फोन कानाला लावला, "हाव, हाव" म्हणाली आणि ग्लास मॅडमच्या हातात धरवून ठेवला. "पोरगं रडायला आलंय तुमचं. आता प्याच." मॅडमनी घोट घोट रस संपवला. पंचफुलानं दुसरा ग्लास भरला.

हळूहळू पाटीवरच्या अक्षरांचं 'लोहा' झालं. मॅडमनी अ‍ॅप उघडलं. ते जागं व्हायला वेळ लागला. मग एकशे बेचाळीस पुसलं गेलं, तिथं चोपन्न आलं, आणि फोन कर्कश वाजायला लागला. इतका वेळ गप्प बसून आता ओरडणाऱ्या त्या फोनकडं बघून त्यांना रडू आलं.

मॅडम प्रशिक्षण सोडून लोह्याहूनच घरी परतल्या, आणि दुपारनंतर सर्वेश लातूरहून अहमदपूरला धावत आला. बचत मोडनं अ‍ॅपला मागं झोपवून टाकलं होतं, आणि पडद्यावर राहिलेला आकडा माळाकोळीच्याही आधीचा होता. "शेजारी बारीक अक्षरात वेळ होती," तो म्हणाला. "मी ती बघितलीच नाही." तो जिलानीभाईंना फोन लावायला निघाला, तेव्हा मॅडम चिडल्या.

"त्यांना काय बोलतोस? तू फोन जोरात पळवलास, त्यांनी झोपवला. दोघांनीही मला विचारलं नाही."

नंतर दोघं सेटिंग घेऊन बसले. वेग मधोमध ठेवला. बचतीतून फक्त साखरेच्या अ‍ॅपला सूट दिली, बाकीची अ‍ॅप दाबून ठेवली. आता बॅटरी संध्याकाळपर्यंत जाते. बँकेचं अ‍ॅप मात्र अडकतं, आणि शाळेच्या ग्रुपवरचे निरोप उशिरा येतात. मुख्याध्यापक विचारतात, मॅडम, तुम्ही निरोप बघत का नाही?

डॉक्टरांनी आता अधूनमधून बोटाला सुई टोचूनही साखर बघायला सांगितलं आहे. परवा फोन म्हणाला एकशे अठरा, सुईवालं मशीन म्हणालं एकशे तेहतीस. मॅडमनी लगेच डॉक्टरांना फोन करून विचारलं, यातलं खरं कोणतं?

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले. "सेन्सर थोडं मागून येतं, एवढा फरक चालतो."

"बरं," म्हणून मॅडमनी फोन ठेवला, आणि जेवणाआधी किती इन्सुलिन घ्यायचं ते विचारायचंच राहिलं म्हणून पुन्हा लावला.