बॅगेखालून पाहिलेलं थायलंड

मी काटा बोलतोय. घड्याळाचा नव्हे, माशाचाही नव्हे. बाथरूममध्ये बेसिनखाली धूळ खात पडलेला असतो ना, तो वजनाचा काटा. माझ्या अंगावर उभं राहिल्याशिवाय माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि उभं राहिल्यावर जे बोलतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

जन्म माझा बर्मिंगहॅमचा. तिथल्या एका कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग घातली, पाठीवर हिरवी रबरी चटई चिकटवली आणि समोर काचेचा एक डोळा बसवला. त्या डोळ्यात बाहेरच्या बाजूला स्टोन, म्हणजे इंग्रजांचं सव्वासहा किलोंचं माप, आणि आतल्या बाजूला किलो. १९८३ साली हॅरोच्या एका दुकानात सेल लागला होता, तिथून आमच्या अलकावहिनींनी मला लंडनच्या कडेला असलेल्या स्टॅनमोरला आणलं. वहिनी किलोकडे ढुंकूनही बघत नाहीत. स्टोनमध्ये त्या बाराच्या आत राहतात, किलोत पाऊणशे भरतात. इंग्रजांनी आपल्याकडून काय काय लुटून नेलं ते तुम्ही शाळेत शिकला असालच, पण स्टोन देऊन वहिनींपुरती तरी त्यांनी भरपाई केली.

माणसांची गंमत सांगू? वजन करताना श्वास रोखून धरतात, जशी काही हवाच जड. आधी टॉवेल काढतात, मग अंगठी काढतात, मग चष्मा काढतात. आणि चष्मा नसल्यामुळे आकडा दिसला नाही की खुशीत उतरून चहात साखर घालायला जातात.

पण स्टॅनमोरच्या मराठी मंडळींत माझं नाव झालं ते बॅगांमुळे. भारतात जायचे दिवस आले की मी या घरून त्या घरी, हळदीकुंकवाच्या तबकासारखा फिरायचो. बॅग माझ्यावर ठेवली की माझा डोळाच झाकला जातो. म्हणून रीत अशी की आधी माणसानं एकट्यानं उभं राहायचं, मग तीच बॅग उचलून उभं राहायचं, आणि दुसऱ्यानं गुडघ्यावर बसून आकडा वाचून वजाबाकी करायची. म्हणजे बॅगेच्या आधी माणसाचं वजन जाहीर. त्यामुळे बॅग कुणी उचलायची यावरून चांगल्या चांगल्या संसारात भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

तर १९९४च्या ऑक्टोबरात शेजारच्या सुमेधा देवस्थळी मला मागायला आल्या.

"अगं, डिसेंबरला अजून वेळ आहे," वहिनी म्हणाल्या. "आत्तापासून काटा?"

"सराव करायचाय, वहिनी."

"कसला?"

"बॅग हलकी ठेवण्याचा."

आता एवढं ऐकल्यावर वहिनी घरी बसतात होय? मला काखेत मारून त्या स्वतःच निघाल्या.

देवस्थळींचं घर आमच्या घराला चिकटून, मधे एकच भिंत. पद्माकर देवस्थळी रोज सकाळी ट्यूबनं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, मध्य लंडनला विमा कंपनीत जायचे. सुमेधाताई हाय स्ट्रीटवर चष्म्याच्या दुकानात होत्या. एकुलती एक मंजिरी त्याच सप्टेंबरात एडिनबराला युनिव्हर्सिटीत गेली होती आणि घर कसं भांडी काढून घेतलेल्या फडताळासारखं झालं होतं. मला हॉलमध्ये ठेवलं, फोनच्या स्टुलाशेजारी. समोरच्या भिंतीवर एक नकाशा आणि त्याला लाल टाचण्या.

"हे कुठलं गं?" वहिनींनी विचारलं.

"थायलंड. आम्ही दोघं चाललोय."

"म्हणजे बँकॉक. आमच्या ह्यांच्या ऑफिसातले जाऊन आले. बीचवर झोपले आणि बटाट्यासारखे भाजून आले."

"बीच नाही, बँकॉकला एक रात्र फक्त. मग लोपबुरी, पित्सानुलोक, उत्तरादित, फ्रे आणि नान. रेल्वेनं आणि बसनं."

"ही गावं आहेत की औषधं?" वहिनी म्हणाल्या. "आणि तिथं आहे काय?"

सुमेधाताई हसल्या. "तिथं आपलं कुणी नाही."

वहिनींना ते कळलं नाही. मला कळलं, कारण इतकी वर्षं मी बॅगांच्या खालीच काढली आहेत. सुमेधाताईंच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि वीस वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या भारतात. तिथं सुट्टी म्हणजे आज दुपारी यांच्याकडे पुरणपोळी, रात्री त्यांच्याकडे श्रीखंड, आणि जिथं जेवायला जमलं नाही तिथला रुसवा पुढच्या खेपेपर्यंत. नवऱ्याशी गाठ पडायची ती रिक्षात, तीही मधे सासूबाई. महाबळेश्वरला हनीमूनला गेले होते, तेव्हा पद्माकररावांची आत्या बरोबर होती. तिनं महाबळेश्वर पाहिलं नव्हतं म्हणून.

तेव्हा सुमेधाताईंना एकच हवं होतं. अशा एखाद्या गावात बसमधून उतरावं, की जिथं 'कधी आलात, किती दिवस आहात' असं विचारणारं कुणी नाही, आणि शेजारी आपला नवरा आहे.

त्यासाठी दोघांना एकेक लहान बॅग, हातात घेऊन बसमागे पळता येईल अशी. पद्माकररावांनी पहिल्या दिवशी आपली बॅग भरून आणली, ती उचलून माझ्यावर चढताना त्यांचा तोल गेला.

"अहो, यात आहे काय?"

"मेतकूट, लोणचं, दोन किलो चिवडा. आणि इस्त्री."

"इस्त्री? नानमध्ये तुमच्या शर्टाची घडी कोण बघणार आहे?"

"मी बघेन की!"

इस्त्री गेली, लोणचं गेलं, मेतकुटाची पुडी राहिली. रोज संध्याकाळी दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसायची आणि नकाशाकडे बघत बोलायची. आधी कुरकुरणारे पद्माकरराव हळूहळू रंगात आले. कुठली गाडी कुठे दुपारी पोचते, फ्रेला जायला डेन चाईला उतरावं लागतं, सगळं त्यांना पाठ झालं.

"पित्सानुलोकला म्हणे पालेभाजी कढईतून हवेत उडवतात," ते सांगायचे. "आणि दुसरा माणूस लांब उभा राहून ताटात झेलतो."

"आणि नाही झेलली तर?"

"तर एकादशी."

अशी हसायची दोघं! भिंतीपलीकडे वहिनींनी टीव्हीचा आवाज कमी केलेला मला ऐकू यायचा.

आणि मग रविवारी पद्माकररावांनी डोंबिवलीला बहिणीला फोन केला. भारतात फोन करताना आपली माणसं एवढी ओरडतात, की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. पलीकडून सुनीतीताईही तशाच ओरडत होत्या, त्यामुळे माझी काही गैरसोय झाली नाही.

"थायलंडला चाललोय, ताई! नाही नाही, मुंबईला नुसतं विमान बदलायचंय!"

झालं. आता कुठल्या शहाण्या माणसानं ही गोष्ट सांगायची असते? आणि कुठल्या मराठी माणसाला ती पोटात ठेवता येते?

"पद्या! मुंबईपर्यंत येणार आणि घरी येणार नाहीस? लोकांना काय सांगू मी?"

"बरं, बरं. एक दिवस येतो."

फोन ठेवून ते वळले, तर सुमेधाताई नकाशापाशी उभ्या. "कुठलं गाव काढू?"

"अगं, एका दिवसानं काय होतं?"

"उत्तरादित होतं," असं म्हणून त्यांनी टाचणी उपटली.

पुढच्या रविवारी सुनीतीताईंनी सत्यनारायण ठरवला. "तुम्ही जोडीनं येताच आहात तर!" फ्रेची टाचणी गेली. मग पुण्याचे काका, काकांना भेटून मामांना टाळलं तर वाईट दिसतं म्हणून मामा. लोपबुरी गेलं. पित्सानुलोकची टाचणी पद्माकररावांनी सुमेधाताई कामावर असताना हळूच काढली आणि ती निसटून माझ्या चटईवर पडली. ती शोधायचं धैर्य त्यांना झालं नाही.

बातमी स्टॅनमोरभर झाली, आणि पार्सलं यायला लागली. कुणाचे मार्क्सच्या दुकानातले बनियन, कुणाची व्हिटॅमिनं, कुणाच्या भाच्याचे बूट, आणि चॉकलेटं तर विचारू नका. हॉलमध्ये मोठी सूटकेस उघडी पडली आणि दोन लहान बॅगा तिच्यामागे दिसेनाशा झाल्या. माझ्या मालकीणबाई मागे राहतील कशा? भाच्याच्या लग्नासाठी बारा माणसांचा डिनर सेट घेऊन आल्या.

"अगदी हलकं आहे हो, भावजी."

इतकी वर्षं ऐकतोय मी हे. या देशातून भारतात आजवर एकही जड वस्तू गेलेली नाही. सगळं हलकंच, आणि माझी स्प्रिंग मात्र कण्हतेय.

मंजिरी मधे शनिवार-रविवार घरी आली होती. तिनं सूटकेस पाहिली, नकाशा पाहिला. "बाबा, हे आईचा ट्रिप आहे ना? मग हा सगळा आत्याचा ट्रिप कसं झाला?"

"तुला नाही कळायचं ते."

"कळतो मला. तू नुसतं नो म्हण ना."

"नो म्हणायला काय, तोंड दिलंय देवानं," पद्माकरराव म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

निघायच्या आदल्या शनिवारी दुपारी शेवटचं वजन. पद्माकरराव ती सूटकेस पोटाशी धरून माझ्यावर चढले. सुमेधाताई गुडघ्यावर बसून वाचायला लागल्या. डोळ्याला डोळा भिडला आमचा.

"किती?" वरून आवाज आला. "अगं, लवकर सांग! बरं, ते नानचं म्हणतो मी, एका गावासाठी कशाला एवढी दगदग? थायलंड पुढच्या वर्षी निवांत करू."

"उतरा," सुमेधाताई म्हणाल्या.

ते उतरले. सूटकेसमागून आपली लहान बॅग ओढून काढून त्या माझ्यावर उभ्या राहिल्या. श्वासबिस न रोखता. "आता तुम्ही वाचा."

त्यांनी वाचलं.

"एवढीच मी जाणार आहे. मुंबईला विमान बदलून सरळ पुढे. तुम्ही डोंबिवलीला उतरा आणि सत्यनारायणाला बसा. बायकोशिवाय एकट्यानं बसलेलं चालतं का, तेवढं भटजींना विचारून घ्या." आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला लागल्या. रडल्या नाहीत. कणीक मात्र त्या दिवशी फार मार खात होती.

पद्माकरराव मटकन खाली बसले, ते नेमके माझ्यावर. लोक माझ्यावर उभे राहतात. बसलेला हा पहिलाच. मला त्यांचा आकडा दिसत होता, पण तो काही त्यांच्या नुसत्या देहाचा नव्हता.

मग ते उठले. सूटकेस उघडली आणि एकेक पार्सल बाहेर काढलं. स्टॅनमोरमध्ये घेतलेलं पार्सल आजवर कुणी परत केलेलं नव्हतं. लग्न मोडणं त्यापेक्षा सोपं. त्यांनी सुरुवात डिनर सेटपासून केली. दार उघडं टाकून गेले, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"वहिनी, हे नाही नेता येणार."

"का? फुटेल म्हणून? मी मधे वर्तमानपत्रं घातलीयत की."

"नाही. आम्ही भारतात जातच नाही आहोत. आम्ही थायलंडला चाललोय."

मला वाटलं, आता इथून पुढे माझं दोन घरांमधलं येणंजाणं संपलं. मग वहिनींचा आवाज आला, जरा फुगलेलाच. "माझ्या भाच्यानं काय पानावर जेवायचं?" आणि लगेच, "पण मग राहणार कुठे तुम्ही? काय बाई त्या औषधांच्या गावांत हॉटेलं तरी आहेत का?"

उरलेली पार्सलं पावसात भिजत घरोघर पोचवून ते परत आले आणि ओल्या कोटानंच डोंबिवलीला फोन लावला. स्वयंपाकघरातली कणीक थांबली.

"ताई, आम्ही येत नाही. नाही, कुणी आजारी नाही. नाही, सुमेधानं नाही सांगितलं, मी सांगतोय."

पलीकडून सुनीतीताईंचा उत्साहानं फुललेला आवाज आला. "अरे, मग आम्हीच येतो की थायलंडला! ह्यांनाही रजा आहे. मुंबईहून एकत्रच जाऊ. मजा येईल!"

पद्माकररावांनी डोळे मिटले. सुमेधाताई दारात येऊन उभ्या होत्या, हाताला कणीक.

"नको, ताई," ते म्हणाले. ओरडले नाहीत, तरी पोचलं असावं. "आम्ही दोघंच जाणार आहोत."

फोन ठेवून, स्टुलावरून आणि माझ्या चटईवरून टाचण्या गोळा करून ते नकाशात खोचायला लागले.

"उत्तरादित तिथं नाही," सुमेधाताई म्हणाल्या. "जरा वर."

दोघं गेली. काय केलं तिथं, ते मला माहीत नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. जानेवारीत परत आली त्या दिवशी वहिनी चहाचा थर्मास घेऊन हजर. "सांग, सांग! काय काय पाहिलं?"

"नानला बस चुकली. स्टँडवर बाकावर बसून राहिलो," सुमेधाताई म्हणाल्या.

"आणि?"

"आणि काही नाही. खूप वेळ बसलो."

एवढं बोलून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जी हसायला लागली ती थांबेनात. वहिनी बिचाऱ्या याच्याकडून तिच्याकडे बघत राहिल्या. हसता हसता पद्माकरराव म्हणाले, "बघू तरी, भात खाऊन किती वाढलो," आणि माझ्यावर चढले. "मीही," म्हणत सुमेधाताई त्याच दमात चढल्या. पाय मावेनात, म्हणून एकमेकांना धरून. मी त्यांना ओरडून सांगणार होतो की बाबांनो, एका वेळी एकच. पण मी कोण सांगणारा? पोटात काहीतरी तटकन तुटलं आणि माझा आकडा एकदा गरगर फिरला तो कायमचा थांबला.

आता मी वहिनींच्या बागेतल्या शेडमध्ये असतो, रंगाच्या रिकाम्या डब्यांजवळ. घरात नवा इलेक्ट्रॉनिक काटा आलाय, फक्त किलो दाखवणारा. वहिनी त्याच्यावर कपडे ठेवतात. दर उन्हाळ्यात त्या मला कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचराडेपोत, टाकायचं म्हणतात, आणि एक दिवस टाकतीलही. जाईन मी, तक्रार नाही. माझं मागणं एवढंच: तिथं कुणी मला उचलून हलवून पाहिलं आणि 'हा कसा काय मोडला?' असं विचारलं, तर वहिनी, जुना झाला म्हणून सांगू नका. दोन माणसं एकदम उभी राहिली, असं सांगा.