आपण होऊन पडलेलं फूल

कैलासचंद गुडघ्यांवर बसला आणि झाडाखालच्या ओल्या मातीवरून ते फूल त्याने दोन्ही हातांनी उचललं. अनंताचं फूल. पांढरंशुभ्र, ताजं, पाकळीच्या कडेलाही पिवळेपणा नसलेलं. त्याने ते उलटं करून पाहिलं, नाकाशी नेलं, मग मान वर करून झाडाकडे पाहिलं. काल संध्याकाळी ज्या शेंड्याला कळी टपोरी झाली होती तो शेंडा रिकामा होता.

"पडलं," तो मोठ्याने म्हणाला. अंगणात ऐकायला कोणी नव्हतं.

मग त्याला राहवेना. दुकान उघडायची वेळ झाली होती, अंगात नुसतं बनियन होतं, तरी तो मागच्या फाटकातून निघाला आणि शेताच्या बांधाने तडक जऊळक्याच्या स्टेशनावर गेला. देवमन तिथे पैटमन होता, गाड्यांसाठी रूळ बदलायचं काम करायचा. रातपाळी संपल्यावर घरी चक्कर मारून तो परत आला होता आणि बाकावर बसून कंदिलाची काच चिंधीने पुसत होता.

"देवमन, पडलं!"

"कोन पडलं? कुठी?"

"फूल रे. अनंताचं. पांढरं असतानाच पडलं."

देवमनने काच उजेडात धरून पाहिली. तिच्यावर एक डाग राहिला होता, तो त्याने पुन्हा घासला.

"मंग उचला, शेटजी. मले काय सांगता," तो म्हणाला. पण हसत होता.

गावाला या फुलाची कथा ठाऊक होती आणि गाव त्यावर पोटभर हसूनही झालं होतं. कैलासचंदची बायको सुंदरबाई कारंज्याच्या जैन घरातली. तिच्या माहेरच्या देवळात मूर्तीला फुलं वाहत नसत, केशरात रंगवलेले तांदूळ वाहत. झाडावरचं फूल तोडणं म्हणजे जिवाला दुखवणं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. जे फूल आपण होऊन खाली पडेल तेवढं आपलं. त्यामुळे पारिजातक तिचा होता, बकुळ तिची होती. पण जीव जडला होता तो नेमका अनंतावर, आणि अनंत मोठा चिकट. फुलून तीन दिवस होतात, पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा तपकिरी होतो, चामड्याच्या तुकड्यासारखा वाळतो, तरी देठ सोडत नाही. सुंदरबाई झाडापाशी जायची, दोन्ही हात पाठीमागे बांधायची आणि वाकून वास घ्यायची. हात मोकळे ठेवले तर मोह होईल, असं म्हणायची.

"असा अनंत करून दाखवा," ती एकदा म्हणाली होती, "जो पांढरा असतानाच खाली पडंल. तवा मी डोक्यात फूल घालीन."

ती चेष्टा होती. कैलासचंदने ती मनावर घेतली. मूलबाळ नव्हतं, किराण्याचं दुकान आपोआप चालल्यासारखं चालत होतं, माणसाला काहीतरी लागतंच. पोहरादेवीकडच्या माळावर डिकेमालीची झुडपं होती. लहान मुलांचं पोट दुखलं की जिचा डिंक उगाळून देतात तीच ही डिकेमाली, अनंताची रानातली बहीण. तिचं फूल लवकर गळतं. कैलासचंदने तिथून रोप आणलं. एकेरी पाकळ्यांच्या अनंताची कळी फुलण्याच्या आदल्या दिवशी उघडायची, आतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, मग डिकेमालीचा पराग कुंचल्याने लावायचा आणि वर मलमलीची पिशवी बांधायची. तो हे करायला बसला की सुंदरबाई खांबाला टेकून बघत राहायची.

"दाढी करून राह्यले काय त्याची?" ती विचारायची.

पहिल्या बियांची रोपं फुलली ते तिचं शेवटचं वर्ष ठरलं. फुलं गळत होती खरी, पण वास काकडीचा. सुंदरबाईने आजारपणातही ती ओंजळीत घेतली आणि तोंडाला पदर लावून हसली. ती गेल्यावर कैलासचंदने त्या रोपांचा संकर पुन्हा भरगच्च अनंताशी केला. बहात्तरच्या दुष्काळात प्यायलाच पाणी नव्हतं, तेव्हा देवमन आपल्या क्वार्टरच्या वाट्यातली एक बादली रोज संध्याकाळी आणून कुंपणापाशी ठेवायचा. ठेवून लगेच जायचा. आभार मानून घ्यायची त्याला सवय नव्हती. नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन तो परतला होता तेव्हा गावातल्या पुष्कळ ओळखीच्या दारांची कवाडं आक्रसली होती. सुंदरबाईने मात्र त्याला आत बोलावून, घरातल्या कपात चहा दिला होता. त्या चहाबद्दलही दोघं कधी बोलले नव्हते.

त्या रोपांतलं हे एक. वास अनंताचा आणि फूल पांढरंच खाली. कैलासचंदने ते कोनाड्यातल्या सुंदरबाईच्या फोटोपुढे पितळी ताटलीत ठेवलं. एवढं मोठं घडलं आणि सांगायला हा फोटो आणि तो पैटमन, दोघंच.

फुलं पडत राहिली, पण रोज नाही. कधी आठवडाभर रोज पहाटे मातीवर पांढरं फूल असायचं, कधी पुढचा आठवडाभर एकही नाही, झाडावरच पिवळी पडायची. कैलासचंदने त्यावर पुष्कळ डोकं चालवलं.

"हवेचा खेळ आहे," तो देवमनला समजावून सांगायचा. "पाहाटे दमट हवा सुटली का देठ ढिला पडते. कोरड्या हवेत धरून ठेवते."

"असंन बाप्पा," देवमन म्हणायचा. "तुमाले कयते त्यातलं."

पावसाळ्यात कैलासचंदने फांद्यांवर गुट्या बांधल्या. साल गोल काढायची, शेवाळ गुंडाळायचं, वर गोणपाट आवळायचं, की फांदीलाच मुळं फुटतात आणि तिचं वेगळं झाड होतं. कारंज्याचा सुगनचंद, सुंदरबाईचा भाऊ, राखीनंतर मुद्दाम येऊन ते झाड पाहून गेला. तिकडच्या देवळाच्या आवारात एक लावायचं ठरलं. ज्या देवळात फूल चढत नाही तिथे हे चालेल, कारण ते कोणी तोडलेलं नसेल. 'सुंदर अनंत' असं नावही सुगनचंदने परस्पर ठरवून टाकलं. इतक्या वर्षांत कैलासचंदच्या खटाटोपाला कोणी पहिल्यांदाच नाव देत होतं, त्यामुळे त्याचा ऊर भरून आला.

ही बातमी ऐकल्यावर देवमन मात्र खूश झाला नाही. फाटकाची कडी नुसतीच वाजवत तो उभा राहिला.

"इतल्यात देऊ नोका कोनाले, शेटजी."

"काहून?"

"एक साल जाऊ द्या. झाड नवं आहे. त्याचं मन बदललं तर?"

"झाडाले काय मन असते?"

"माणसाले असते ना," देवमन म्हणाला. त्याने फाटक लावलं आणि तो गेला.

भादव्याच्या अखेरीला देवमन रिटायर झाला. पोरगा अकोल्याला पोस्टात होता, तिकडेच जायचं ठरलं. जायच्या सकाळी कैलासचंद स्टेशनावर गेला तेव्हा त्याच्या हातात डालड्याचा डबा होता आणि डब्यात मुळं धरलेली पहिली गुटी.

"सुगनचंदच्या आधी तुले," तो म्हणाला. "बहात्तर साली तूच तर जगवलं."

देवमनने लगेच हात पुढे केला नाही. तो डब्याकडे पाहत राहिला, मग कैलासचंदकडे.

"शेटजी, मले एक सांगाचं होतं…"

"पाणी बेतानं घालजो. मुळाशी साचू देऊ नोको."

"तसं नाई…"

"आन पाहाटे उठून पाहात जाजो. उनं चढली का मजा नाई."

कैलासचंदचा चेहरा इतका उजळला होता की देवमनने तोंड मिटलं आणि डबा घेतला. गाडी हलली. डबा पोटाशी धरून देवमन दारात उभा होता, आणि वळणाआड जाईपर्यंत त्याने हात हलवला नाही. दोन्ही हात डब्यालाच होते.

दुसऱ्या दिवशी झाडावर एक फूल उमललं. ते तिथेच राहिलं. तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं. आठवडा गेला, दुसरा गेला. हवा दमट होती, पहाटे कुंपणाच्या पानांवरून दव ठिबकत होतं, पण मातीवर काही नव्हतं. कैलासचंदने पाणी कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं, राख घातली, ताक घातलं. एका सकाळी पेंडीची पाटी हातात घेऊन तो उभा असताना पहाटेची पॅसेंजर शिटी देत गेली, आणि कसल्याही प्रयत्नाशिवाय त्याच्या ध्यानात आलं. फुलं ज्या आठवड्यांत पडायची ते देवमनच्या रातपाळीचे आठवडे होते. पाळी सुटली की तो याच कुंपणाशेजारून घरी जायचा.

पाटी खाली ठेवून कैलासचंद घरात गेला. फोटोपुढच्या ताटलीत सुकलेली फुलं होती. त्याने एक उचलून देठ पाहिला. देठाच्या टोकाला तिरकी, चिमटल्यासारखी खूण होती. ती त्याने आधीही पाहिली होती, पण तिचा अर्थ त्याला कळण्याजोगा नव्हता. चिमट्याने पुंकेसर काढण्यात त्याची अर्धी हयात गेली होती, पण साधं फूल त्याने जन्मात तोडलं नव्हतं. तोडलेला देठ कसा दिसतो हे जऊळक्यातल्या कुठल्याही पोरीने त्याला सांगितलं असतं.

तो परत झाडापाशी आला. एक फूल नुकतंच उमललं होतं. त्याने डोळे मिटून घेतले, अंगठ्याचं नख देठावर दाबलं आणि फूल तोडलं. मग सुकलेलं फूल त्याच्याशेजारी धरलं. खूण तीच होती.

आधी त्याला राग आला. वर्षानुवर्षांचा खटाटोप फुकट गेला, सुंदरबाईपुढे आपण महिनोन्‌महिने तोडलेली फुलं ठेवली, सुगनचंदला तोंड कसं दाखवायचं. हे सगळं मनात येऊन गेलं. मग डोळ्यांपुढे आलं ते इतकंच, की रात्रभर जागलेला एक माणूस घरी जाता जाता थांबतो, कुंपणावरून वाकून फूल खुडतो, आणि खाली टाकत नाही तर मातीवर नीट मांडून ठेवतो. आपण त्यालाच हवेचा खेळ समजावून सांगत होतो. कैलासचंद झाडाच्या आळ्यापाशी बसला आणि रडला. फुलासाठी किती आणि देवमनसाठी किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तोडलेलं फूल मग त्याने ताटलीतच ठेवलं, बाकीच्यांबरोबर.

सुगनचंदला त्याने गुट्या लागल्या नाहीत असं सांगितलं. हिवाळा मुकाट गेला. दुकान उघडायच्या आधी आता स्टेशनाकडे जायचं काही कारण नव्हतं, तरी तो जायचा आणि देवमनच्या बाकावर बसून यायचा. नवा पैटमन तरणाताठा होता, रेडिओ ऐकायचा.

पुढच्या जेठात, सकाळची पॅसेंजर उभी असताना गार्ड रामकिसन ब्रेकच्या डब्यातून खाली उतरला आणि त्याला शोधत बाकापाशी आला.

"शेटजी, अकोल्याहून देवमनदादाचा निरोप आहे. तुमचं झाड फुललं म्हणे."

"बरं झालं."

"आन सांगतलं का, शेटजीले नक्की सांगजो, पाहाटे उठून पाहाले गेलो का पांढरं फूल खाली पडेल राह्यते." रामकिसनने डोकं खाजवलं. "तुमाले कयंन म्हणे."

ते फूल मातीवर कोण मांडून ठेवत असेल, ते कैलासचंदला बरोबर कळलं. इंजिनाची वाफ फलाटावरून पसरत आली आणि विरली. रामकिसनला हिरवी झेंडी दाखवायची होती, तो उत्तरासाठी एक पाय फलाटावर आणि एक पायरीवर ठेवून थांबला.

"त्याले सांगजा," कैलासचंद म्हणाला, "इकडंबी पडते."

"बस, इतलंच?"

"इतलंच."

गाडी गेल्यावर तो बांधाने घरी आला. कालचं फूल झाडावरच होतं, कडेने पिवळं व्हायला लागलेलं. वास मात्र अजून होता. कैलासचंदने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तो वाकला.