तडतड

"काका, तडतड अजून होतेय," उत्कर्षा म्हणाली आणि गिटार मांडीवर आडवी ठेवून ॲम्प्लिफायरकडे बघत राहिली.

मंडईमागच्या बोळातल्या या दुकानात शमशुद्दीनने काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवला होता. हा मात्र पुन्हा पुन्हा परत येत होता. व्हॉल्व्ह बदलून झाले, कपॅसिटर नवे टाकले, मीटरवर कुठे खोट दिसेना. मुख्य म्हणजे त्याच्या कानाला ॲम्प स्वच्छ वाजत होता. त्याने ते जरा खोचकपणेच सांगितलं. आजकाल मोबाइलवर ऐकून ऐकून लोकांचे कान लाडावलेत, म्हणाला. उत्कर्षाने वाद घातला नाही. शनिवारी वाघोलीला कॉलेजात कार्यक्रम आहे, जमलं तर बघा, नाहीतर दुसरा भाड्याने घेते, एवढं बोलून ती गेली.

ते 'नाहीतर' त्याला लागलं. त्याने ॲम्पची पाठ उघडली, बटण चालू केलं आणि नुसता बघत बसला.

दुपारी त्याची बायको रझिया डबा घेऊन आली. उंबऱ्यातच थबकून तिने विचारलं, "ये तडतड कैसी?"

शमशुद्दीनने तिच्याकडे पाहिलं, मग ॲम्पकडे. ॲम्प त्याच्या लेखी गप्प होता.

त्याने तिला स्टुलावर बसवलं. आवाज आला की हात वर कर, म्हणाला. सवयीने डावा हात खिशात घातला, कारण आत मोठा करंट खेळत असतो आणि दोन्ही हात लागले तर तो छातीतून जातो, आणि उजव्या हाताने कुल्फीची काडी घेऊन एकेका सुट्या भागावर हलकेच टिचकी मारत गेला. व्हॉल्व्हपाशी काही नाही. पुढे एका जुनाट रेझिस्टरला काडी लागली आणि रझियाचा हात वर गेला. त्याने कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. पुन्हा टिचकी मारली. हात पुन्हा वर गेला. त्याला काडीचाही आवाज आला नाही.

रेझिस्टर बदलल्यावर रझियाचा हात मांडीवरच राहिला.

डबा उघडून दोघं जेवायला बसली. त्याने विचारलं, "कबसे पता था?"

"पिछली के पिछली ईद से," ती खाली बघत म्हणाली.

आता त्याला उमगलं. बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. हल्ली ती मागून हाक मारत नसे. समोर येऊन, दंडाला हात लावून बोलायची. त्याला वाटायचं, उतारवयात माया वाढली. उद्यापासून रोज दुकानात येऊन बसते, असं ती म्हणाली, पण तो नाही म्हणाला. बायकोच्या कानाने ऐकणाऱ्या मिस्त्रीकडे कोण येईल, आणि का यावं?

शनिवारी सकाळी उत्कर्षाने गिटार जोडली. थोडं वाजवून ती हसली. बँडमधल्या मित्रांचेही ॲम्प आणून देते, म्हणाली.

"आणू नका," शमशुद्दीन म्हणाला. "इथे आता काम होत नाही."

तिला वाटलं काका रागावलेत. ती पुन्हा वाजवू लागली. शमशुद्दीनने सहज टेकल्यासारखा तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला. जाड तारांचा थरार मनगटापर्यंत चढला. मग तिची बोटं बारीक तारांवर सरकली आणि तिथेच भराभर फिरत राहिली, तिचे डोळे मिटले, आणि त्याच्या हाताखालची जाळी शांत झाली.