शालीत गुंडाळलेली पेटी

"झाडून झाडून हात दुखले बाई, तरी फळीखाली हे केसाळ किडं येऊनच राहिले!"

जनकाबाई माझ्या अगदी नाकाखाली झाडू आपटत कुरकुरत होत्या. किडे माझ्यातूनच पडत होते. पण सांगणार कशी? माझा भाता वर्षभर बंद होता.

मित्रांनो, मी त्यांच्या नवऱ्याची, शिरड शहापूरच्या जळबाआप्पांची, जुनी बाजाची पेटी आहे. सागवानी अंग, पितळी सूर आणि पट्ट्यांखाली मऊ बनात, म्हणजे लोकरीचं जाड कापड. बावीस वर्षं दर गुरुवारी आप्पांनी मला भजनात वाजवलं. भागवतरावांचा मृदंग फार चढला की बाया ओरडायच्या, "पेटी ऐकू येऊ द्या की!" मग मी फुगायचे, आणि ते काही नुसतं भात्यामुळे नाही.

गेल्या वर्षी भजनी मंडळानं आप्पांचा सत्कार केला. हार, नारळ आणि खऱ्या लोकरीची शाल. घरी येऊन आप्पांनी ती शाल मलाच गुंडाळली आणि मला फळीवर ठेवून दिलं. भजनाला का येत नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोटं दुखून राहिली." तीच बोटं दिवसभर हळद निवडायची!

अंधार, ऊब आणि लोकर. आणखी काय हवं? तिळाएवढे ठिपकेदार भुंगे आले आणि अंडी घालून खिडकीतून फुलांकडे उडून गेले. मागे राहिल्या त्यांच्या केसाळ अळ्या. त्यांनी आधी शाल खाल्ली, मग माझी बनात. त्यांना तरी काय बोलणार, ताट तर आम्हीच वाढून ठेवलं होतं. मित्रांनो, लोकरीच्या वस्तू झटका, उन्हात घाला, आणि मुख्य म्हणजे वापरा.

काल भागवतराव आले. "आप्पा, सप्ताह आलाय. पेटी द्या तेवढी."

आप्पांनी मला खाली काढलं. शालीची चाळण झाली होती. भाता हलवला, तर पट्टी न दाबताच मी एक सूर धरून बसले.

"हिला तर कसर लागली!" भागवतराव म्हणाले.

"पेटीला व्हय? मला वाटलं, घरच्या माणसालाच लागली," जनकाबाईंनी टोमणा मारला.

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "घेऊन जा. दुरुस्त होईल."

भागवतरावांनी मला उचललं, उंबऱ्यापर्यंत नेलं आणि परत आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

"आप्पा, खोटं काहून बोलू? पेटी तर बाळापुरातून दुसरी भेटती. आमी तुमालाच न्यायला आलो. चूक आमचीच हाय. शाल पांघरली, अन् पुढच्या गुरुवारी या, एवढं म्हणायचंच राहून गेलं."