सासूबाईंचं हसू

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका," असं मी मास्तरांना आधीच सांगून टाकलं. "पण भर दुपारी, भर रस्त्यातून, सोसाट्याचं वारं सुटलेलं असताना, मी माझ्या सासूबाईंचं हसू दोन्ही हातांवर धरून दीड कोस चालत नेलं. त्यातला एक दातही वाटेत सांडला नाही."

मास्तर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. जन्म गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे माणूस जात्याच संशयी.

"गेल्या वेळी एकच कोस होता," चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले.

"गेल्या वेळी पाय दुखत होते, म्हणून कमी सांगितला."

ही खिडकीशी बसून मटार सोलत होती. ही म्हणजे माझी बायको. माझ्या गोष्टी चालू असताना ती नेहमी काहीतरी सोलत किंवा निवडत असते. म्हणजे हसायची वेळ आली तर खाली बघता येतं.

तर सासूबाई. एक्केचाळीस वर्षं माझं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. हजारो चेहरे काचेखाली बसवले, पण सासूबाईंसारखा चेहरा पुन्हा झाला नाही. त्यांचा जगात एकच फोटो. त्यात त्या अशा बघतात, जणू फोटो काढणाऱ्याने त्यांचं काहीतरी चोरलंय. त्याला काच बसवायला घेतली तर काच आपोआप तडकली. दुसरी घेतली, तीही तडकली. तिसरीला मी हात जोडले.

"काच हलकी असेल," मास्तर म्हणाले.

"काच चांगली होती. नजर भारी होती."

हिचा एक मोठा भाऊ. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. वय ब्याऐंशी. सोळाव्या वर्षी आईशी कडाक्याचं भांडून घरातून निघून गेला, आणि परत आला तेव्हा ती राहिली नव्हती. त्याच्या वाट्याला आला तो हाच फोटो. साठ-पासष्ट वर्षं तो त्या रागावलेल्या चेहऱ्याकडे बघतोय आणि समजतोय, की हा राग आपल्यावरचा.

ही त्याला किती वेळा म्हणाली असेल, "अरे, ती हसायची रे. तू गेल्यानंतरसुद्धा तुझा विषय निघाला की हसायची."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस," तो म्हणायचा.

आता दादाच्या मुलाने त्याला कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं. लांबचं शहर, या वयात पुन्हा येणं नाही. संध्याकाळी पाचची गाडी. हिने त्या सकाळी मला बजावलं, "काहीही करा, पण दादा जाताना हसणारी आई बरोबर घेऊन गेला पाहिजे."

आता हसणारी आई आणायची कुठून? ते आमच्या लेकीने सांगितलं. ती नर्स आहे, दुसऱ्या गावी असते. तिचा जुना लॅपटॉप आमच्याकडे पडून होता. तिने फोनवरून एक साइट उघडून दिली. तिथे जुना फोटो द्यायचा, काय हवं ते लिहायचं, की चित्र तयार होऊन पडद्यावर येतं. आम्ही चहा घेऊन सातलाच बसलो.

पहिल्या चित्रात सासूबाई हसल्या, पण दात अठ्ठेचाळीस.

"मोजलेत?" मास्तर.

"मोजले. पुढचे कमी केले तर हात तीन आले. मग एकदा त्या इतक्या सुंदर हसल्या, की मीच म्हटलं, या बाई कोण? ही शेजारी बसून हुकूम सोडत होती. 'तोंड नंतर. आधी डोळे हसायचे तिचे.' 'एवढी मान नका वाकडी करू, ती काय लाजतेय?' तेविसाव्या खेपेला जमलं. हिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. 'आई,' एवढंच म्हणाली. मग उठली आणि दादाचं सामान बांधायला त्याच्या घरी निघून गेली. जाताना म्हणाली, छापून, फ्रेम करून चारपर्यंत आणा."

मटारच्या शेंगा क्षणभर थांबल्या, मग परत सुरू झाल्या.

"आता खरी गंमत. चित्र समोर आहे, पण घेता येईना. सेव्हचं बटण होतं, पण मेलेलं. दाबलं तर नुसतं राखाडी पडून राहायचं. मी डोकं चालवलं. चित्राचा पत्ता वर लिहून येतो ना, तो उचलला आणि दादाच्या फोनवर पाठवून दिला. पाच मिनिटांत दादाचा फोन. 'पांढरं पान आलंय हो. आई यात कुठे आहे?'"

मास्तरांना पहिल्यांदा हसू आलं.

"मी लेकीला फोन लावला. ती ड्यूटीवर, कुजबुजत बोलत होती. 'बाबा, ते चित्र अजून कुठेच साठवलेलं नाही. ते फक्त त्या उघड्या टॅबमध्ये आहे. त्याचा पत्ता त्याच मशीनवर चालतो, तोही टॅब उघडा असेपर्यंत. टॅब बंद करू नका. झाकण लावू नका. मशीन झोपलं की ते चित्र गेलं, आणि तसंच्या तसं परत येत नाही.' आणि फोन ठेवला. घड्याळात अडीच. दादाची गाडी पाचला. आणि कॉम्प्युटरमधलं कळणारं माणूस आमच्या भागात एकच, चौकापलीकडच्या झेरॉक्सवाल्या बाई."

"मग नेलात उघडाच?"

"उघडाच. तार काढली तेव्हा बॅटरी एकतीस टक्के. दोन्ही हातांवर ताटासारखा धरला आणि निघालो. जिन्यातच कळलं की पडदा दर दोन मिनिटांनी काळा व्हायला लागतो. म्हणजे सासूबाईंना डुलकी लागायची. मग मी अंगठ्याने कीबोर्डखालच्या पट्टीवर हळूच गोंजारायचो, की त्या डोळे उघडून परत हसायच्या. त्या हयात असताना माझी एवढी हिंमत झाली नसती."

हिने मान आणखी खाली घातली. खांदे हलताना मला दिसले.

"रस्त्यावर हे वारं! झाकण मिटायला बघतंय, मी हनुवटीने अडवतोय. एक कुत्रं भुंकत अंगावर आलं, पडद्याकडे बघितलं आणि शेपूट घालून बाजूला बसलं. चौकात सिग्नल लाल. मी तसाच चाललो, तर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. एका बसचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, 'कोण हो या?' म्हटलं, 'सासूबाई.' त्याने टोपी काढली."

"टोपी काढली," मास्तरांनी पुन्हा उच्चारून बघितलं.

"बॅंकेच्या कोपऱ्यावर नऊ टक्के. औषधांच्या दुकानापाशी चार. झेरॉक्सच्या दुकानाची पायरी चढलो तेव्हा एक. मी ओरडलो, 'बाई, माझी सासू जातेय!' त्या धावत आल्या. बघितलं आणि म्हणाल्या, 'आजोबा, नुसता स्क्रीनशॉट घ्यायचा होता ना. घरीच. एक बटण.' म्हटलं, 'एक?' म्हणाल्या, 'एक.' त्यांनी ते दाबलं, चित्र पेनड्राइव्हमध्ये टाकलं, आणि त्याच क्षणी लॅपटॉपने डोळे मिटले. निम्मा सेकंद उशीर झाला असता तर संपलं होतं."

"एका टक्क्यात एवढं सगळं?"

"मास्तर, तुमचं गणित शाळेपुरतं. मग जुन्या दुकानातली सागवानी पट्टी काढली, कापली, फ्रेम ठोकली, काच बसवली. या वेळी काच तडकली नाही, यावरून काय ते समजा. सव्वाचारला दादाच्या दारात."

इथे मी नेहमी थांबतो. ही जागा मला फुगवून सांगावी लागत नाही. दादाने फ्रेम घेतली, उजेडाला नेली आणि बराच वेळ बघत उभा राहिला. मुलगा म्हणाला, "बाबा, द्या, बॅगेत ठेवतो." त्याने दिली नाही. गाडीत बसला तेव्हा ती मांडीवर होती, आणि सुटताना त्याने आम्हाला हात केला तो एकच, कारण दुसरा तिच्यावर होता.

मी फोन काढून मास्तरांपुढे धरला. दादाने नव्या घरातल्या भिंतीचा फोटो पाठवलाय. पलंग, पाण्याचा तांब्या आणि वर फ्रेम. मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलून ती बघितली. त्यांना खरंच आवडली, हे मला दिसलं, आणि तिथेच माझी जीभ सैल सुटली.

"आणि यंत्राची कमाल बघा, मास्तर. डाव्या गालावरची ती खळी! मी लिहिलीसुद्धा नव्हती. आपोआप आली. सासूबाईंची खळी, हुबेहूब!"

ही हातातली शेंग खाली ठेवून म्हणाली, "अहो, आईला खळी नव्हती."

मास्तरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे, मग परत तिच्याकडे.

"ती खळी माझी आहे. गेल्या वर्षी जिन्यात काढलेला माझा फोटो तो. काळापांढरा करून घेतलात आणि चष्मा तेवढा फोटोतून काढून टाकायला लावलात त्या झेरॉक्सवाल्या बाईंना. मशीन चौकात पोचायच्या आतच मेलं होतं, हो ना?"

"चौकाच्या जरा अलीकडे," मी कबूल केलं.

"अकरा वेळा ऐकली ही गोष्ट," ती म्हणाली. "एका शब्दाने बोलले नाही. पण माझी खळी आईच्या नावावर चढवलीत, ते नाही चालायचं."

"म्हणजे दादाला आपण..." मी म्हणालो.

"दादाला पहिल्या नजरेत कळलं. निघताना माझ्या कानात म्हणाला, 'यात तू आहेस गं. त्यांना बोलू नकोस, फार धावपळ केलीय त्यांनी. पण आता पटलं मला. आपले बाबा तर जन्मात कधी हसले नाहीत. मग तू असं हसायला शिकलीस ती आईकडूनच.'"