गाठ मारलेली पिशवी

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती, ते माझ्या झाकणावरच्या तड्यांना विचारा. माझा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याखाली विटेचा तुकडा ठेवलाय. तरी जोरात फिरू लागले की मी जागची हलते, आणि मग धुण्याचं काम बघणाऱ्या मावशी येऊन सरळ माझ्यावर बसतात. "डोक्यावर बसल्याशिवाय ऐकत नाही," त्या म्हणतात, "आमच्या ह्यांचीच बहीण शोभते."

कारखान्यातून मी आधी एका डॉक्टरीणबाईंच्या घरी गेले. तिथे बाळाची दुपटी धुतली. बाळ मोठं झालं, नवी मशीन आली आणि मी गॅलरीत कुंड्या डोक्यावर घेऊन उभी राहिले. देवानं ज्या कामासाठी घडवलं ते काम सुटलं, की गंज अंगाला नंतर लागतो, मनाला आधी.

मग एक दिवस टेम्पोत घालून मला या घरी आणलं. हे घर बेघरांचं. खाली सकाळचा चहा आणि आंघोळीला गरम पाणी, वर आठ खाटांची खोली. ती घर सुटलेल्या मुलींसाठी. न्हाणीघराशेजारचा कोपरा माझा. पुलाखाली झोपणाऱ्यांचे कपडे माझ्या पोटात येत आणि माणसात बसण्याजोगे होऊन बाहेर पडत. एकाचा शर्ट मी असा काढला, की तो घालून गेलेला माणूस त्याच दिवशी पहारेकरी म्हणून कामावर लागला. संध्याकाळी येऊन त्यानं माझ्या झाकणावर थाप मारली. मावशी म्हणाल्या, मळ काढणं ही देवाचीच चाकरी. मला ते फार आवडलं. खरं सांगते, थोडी चढलेच मी.

पावसाळा सरताना एक मुलगी आली. सतराची असेल. महिनाभर 'हो' आणि 'नको' यापलीकडे शब्द नाही, म्हणून मावशींनी तिचं नाव अबोली ठेवलं. हळूहळू ती माझ्याजवळ येऊन बसू लागली, कपडे पिळायला हात लावू लागली. मावशींनी घर चालवणाऱ्या ताईंच्या मागे लागून तिला शिवणवर्गात घातलं. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा मावशींनी दारात उभं राहून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

आणि मग त्यांच्या मनात आलं, की पोर घरी येईल तेव्हा तिची खाट लख्ख असावी. त्यांनी चादर काढली, उशीचा अभ्रा काढला. उशीखाली प्लॅस्टिकची एक पिशवी होती, गाठीवर गाठ मारलेली. आत एक जुना तपकिरी स्वेटर. मावशींनी नाकाला पदर लावला. बिचारी धुवायला द्यायला लाजली असेल, आमच्यापासून लपवून ठेवला असेल, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी तो माझ्यात टाकला. पावडर दुप्पट घातली. एकदा धुतला, मन भरेना, म्हणून पुन्हा एकदा. देवाचं गाणं गुणगुणत होत्या त्या. मीही सगळा जीव लावून फिरले.

पाचच्या सुमारास अबोली आली. हातात तिनं टीप घातलेला कापडाचा तुकडा होता, मावशींना दाखवायला आणलेला. दोरीवर स्वेटर दिसला तशी ती थांबली. जवळ गेली. गळ्यापाशी तोंड खुपसलं, मग काखेत, मग एकेका बाहीत.

"बघ कसा मऊ झालाय," मावशी म्हणाल्या. "दोनदा धुतला."

"पिशवी कुठाय?"

"फाटकी होती गं. टाकली."

अबोलीनं हातातली बाही सोडली. मग म्हणाली, "आईचा वास होता त्यात. संपू नये म्हणून रविवारी एकदाच उघडायचे मी."

मावशी तिच्या पायाशी वाकल्या. पाय धरते म्हणाल्या. मुलीनं त्यांना उठवलं, आणि तुम्हाला काय माहीत, असं उलट तिनंच त्यांना समजावलं. तिचा आवाज शांत होता. रडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी तिनं स्वेटर नीट घडी घालून दारातल्या वाटपाच्या खोक्यात ठेवला. ताईंनी कारण विचारलं. "आता नुसता स्वेटर आहे तो," ती म्हणाली. "कुणाला तरी थंडी वाजत असेल."

शिवणवर्गाला म्हणून गेली ती परत आली नाही. ताई वर्गात जाऊन आल्या, बसस्टँड पालथा घातला, पुलाखाली विचारलं. रिकामी खाट तीन दिवस राखायची असा इथला नियम. मावशींनी भांडून बारा दिवस राखली, रोज चादर बदलून. तेराव्या दिवशी तिथे दुसरी मुलगी झोपली. स्वेटर त्यांनी स्वतःच्या हातानं पुलाखालच्या एका म्हातारीच्या अंगात घातला. मुलीचा शब्द होता तो.

आता मावशी गुणगुणत नाहीत. कुणी गाठोडं पुढे केलं, की आधी विचारतात, "यातलं काय धुवायचं नाही?" माणसं बावचळतात. त्यांना असं कधी कुणी विचारलेलंच नसतं. कालच एका आजोबांनी खूप वेळ विचार करून एक मळका रुमाल बाजूला काढला. मावशींनी का ते विचारलं नाही.

मित्रांनो, माझं झाकण जपून लावा, माझ्यावर कुंड्या ठेवू नका, हे मागणं मी केलं असतं. पण आता एवढंच मागते. कुणाचं भलं करायला निघालात, तर त्याची गाठ सोडण्याआधी त्याला विचारा. ज्याच्याजवळ काहीच उरलं नाही असं तुम्हाला वाटतं, त्याच्याजवळही काहीतरी असतं.

मला वास येत नाही. त्या दिवशी अबोलीची आई फेसाबरोबर नळीतून गटारात वाहून गेली, आणि मला वाटत होतं, आज काम किती छान चाललंय.